टॅटू काढताना: तुमची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या अंकात उन्हाच्या डागांवर लिहिताना जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते: टॅटू लेझरने फुटतो, पण तो बाहेर काढायचं काम शरीरालाच करावं लागतं. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, लेझर हाताळायला लागून मला १९ वर्षं झाली. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

माझं वय २६. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या शाईत भरगच्च नक्षी आहे, मधे मधे हिरवा रंग. पाच वर्षांपूर्वी हौसेने काढून घेतली, आता बघवत नाही. तीन महिन्यांनी लग्न आहे. एके ठिकाणी तीन सिटिंगमध्ये पूर्ण साफ करून देतो म्हणाले. खरंच निघेल का?

तीन महिन्यांत नाही निघणार, आणि तीन सिटिंगमध्येही नाही. पैसे भरायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत.

शाई टिकते कशी ते आधी बघू या, म्हणजे वेळ का लागतो ते लक्षात येईल. टॅटूची सुई त्वचेचा वरचा पातळ थर ओलांडून खालच्या जाड थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, शाई सोडते. शरीराला ही शाई परकी. तिला गिळायला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात. पण रंगाचे कण त्यांना पचत नाहीत आणि वाहून न्यावेत इतके लहानही नसतात. मग त्या पेशी पोटात रंग घेऊन जागच्या जागी बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि नव्याने आलेली पेशी तोच रंग उचलून घेते. पेशी बदलत राहतात, नक्षी तशीच राहते.

लेझर या कणांचा चुरा करतो. पहिला लेझर थिओडोर मायमन यांनी १९६० साली चालवून दाखवला आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने तो टॅटूवर वापरून पाहिला. पण आपण आज जे करतो त्याचा पाया १९८३मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी घातला. त्यांचं म्हणणं असं: प्रकाशाचा रंग असा निवडायचा की तो शाईच शोषेल, आणि झटका इतका लहान ठेवायचा की कणातली उष्णता आजूबाजूच्या त्वचेत पसरायच्या आत तो संपलेला असेल. हा झटका काही नॅनोसेकंदांचा असतो; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम शाळेतल्या पट्टीएवढं, ३० सेंटिमीटर अंतर कापतो. पिकोसेकंद लेझरचा झटका त्याहूनही लहान. एवढ्याशा वेळात कण तापून तडकतो. तडकलेला चुरा पेशी उचलतात, लसिकांमधून, म्हणजे शरीरातला कचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, हळूहळू नेतात, काही भाग जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये कायमचा जाऊन बसतो. यंत्राचं काम काही मिनिटांचं, पेशींचं काम पुढचे कित्येक आठवडे. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. सावळ्या त्वचेला मी आठच्या खाली कधीच येत नाही, बहुतेकदा दहा-बारा देते.

आता तुम्हीच हिशोब करा. मिलानमध्ये ३५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यात १० सिटिंगनंतर सुमारे ४७ टक्के लोकांचा टॅटू यशस्वीपणे निघाला होता, १५ सिटिंगनंतर सुमारे ७५ टक्के. तुमच्या १० सिटिंग धरल्या आणि मधे आठ-आठ आठवडे सोडले तरी दीड वर्षाच्या आसपास जातं. आणि तुमच्याकडे हिरवा आहे. काळा रंग सगळा प्रकाश शोषतो, म्हणून तो सर्वांत लवकर हार मानतो. सावळ्या त्वचेसाठी सर्वांत सुरक्षित असलेला १०६४ नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या रंगाचं, तरंगलांबीचं माप) लेझर काळ्यावर उत्तम चालतो, हिरव्यावर जवळजवळ नाहीच. हिरव्याला ७५५ किंवा ६९४ नॅनोमीटर लागतो, आणि तो आपल्या त्वचेतला नैसर्गिक रंगही शोषतो. जपून केलं नाही तर हिरवी पानं जाऊन त्यांच्या जागी पानांच्याच आकाराचे पांढरट डाग उरतात. त्याच अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांचा टॅटू निघायला अडचण येते हेही दिसलं होतं. तुम्ही ओढत असाल तर सोडायला याहून चांगलं निमित्त कोणतं?

तीन सिटिंगमध्ये साफ करतो म्हणणारा माणूस दोनच मार्गांनी ते करू शकतो. एक तर तो खोटं बोलतोय, किंवा यंत्राची ताकद इतकी चढवणार आहे की शाईबरोबर त्वचाही जळेल. दुसऱ्या प्रकारचे हात मी पाहिले आहेत. शाई गेलेली असते आणि नक्षीच्या रेषेरेषेवर फुगलेला, चमकणारा व्रण असतो. त्या व्रणावर माझ्याकडे फारसा इलाज नसतो. उरलेल्या शाईवर असतो.

लग्नाचं म्हणाल तर टॅटू झाकणारा जाड मेकअप मिळतो. तो चार-सहा तास छान टिकतो, आधी घरी एकदा लावून बघा. लेझर लग्नानंतर निवांत सुरू करा. आत्ताच सुरू करायचा हट्ट असेल तर एकच सिटिंग, आणि ती लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी, म्हणजे फोड-खपल्या निघून गेलेल्या असतील.

सिटिंग कशी असते हेही सांगते, कारण भीती त्याचीच जास्त असते. तासभर आधी भुलीचं मलम लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद बांधतात. मग डोळ्यांवर त्या लेझरसाठीचा खास चष्मा. त्याशिवाय खोलीत कुणीही असता कामा नये, दाराशी उभं राहिलेलं नातेवाईकसुद्धा नाही. प्रत्येक झटक्याला टक-टक आवाज येतो, रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, आणि नक्षीच्या रेषा बघता बघता खडूने गिरवल्यासारख्या पांढऱ्या होतात. हे बघून लोकांना वाटतं, गेला टॅटू! तो पांढरेपणा त्वचेतल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांचा असतो, १५-२० मिनिटांत विरतो आणि शाई पुन्हा दिसू लागते. त्या वेळचा उतरलेला चेहरा मी इतक्यांदा पाहिलाय की आता आधीच सांगून ठेवते. संध्याकाळपर्यंत सूज, दुसऱ्या दिवशी कधी पाण्याचे फोड. फोड फोडायचे नाहीत, खपली ओढायची नाही, त्या जागी ऊन लागू द्यायचं नाही. खरा फरक दिसायला लागतो तो तीन-चार आठवड्यांनी.

माझं वय ४१. तीन वर्षांपूर्वी भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने शाई भरणं) केलं. सुरुवातीला तपकिरी सुंदर दिसायच्या, नंतर नारिंगी-गुलाबी होत गेल्या. जिने केलं तिने त्यावर त्वचेच्या रंगाची शाई भरून ‘लपवून’ दिलं. आता भुवईच्या कडेला पिवळट-पांढुरके पट्टे दिसतात आणि आत नारिंगी. लेझर करून घेऊ का? मुलीच्या मैत्रिणी समोर आल्या तरी मी कपाळावर केस ओढून घेते.

ताई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तुमच्यासारख्याच शाईवर एक चूक माझ्या हातून झाली आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

लेझर शिकून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक बाई ओठांची परमनंट लिपस्टिक, म्हणजे ओठांत गोंदलेला रंग, काढून घ्यायला आल्या. फिकट गुलाबी रंग, ओठांच्या कडेबाहेर थोडा गेलेला. मला वाटलं, एवढा फिकट रंग, दोन सिटिंगमध्ये जाईल. चाचणी न करता खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाच-सहा झटके दिले असतील. पांढरा थर विरला आणि खाली गुलाबी नव्हतं. पाटीवरच्या पेन्सिलीसारखा राखाडी-काळा रंग होता, जिथे जिथे झटका बसला होता तिथे तिथे, गोल ठिपक्यांचा. मी थांबले. त्यांच्या हातात आरसा द्यायला मला पाच मिनिटं लागली. तो काळा रंग नंतर उतरला, पण त्याला सात सिटिंग आणि जवळजवळ सव्वा वर्ष लागलं. त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. त्या दिवसापासून चाचणी केल्याशिवाय मी परमनंट मेकअपला लेझर लावत नाही.

झालं काय होतं? फिकट, गुलाबी, पांढऱ्या आणि त्वचेच्या रंगाच्या शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि तपकिरी-तांबूस शाईत लोहाचे ऑक्साइड. लेझरच्या झटक्याने या दोन्हींची रासायनिक अवस्था पालटते. गंजासारखं तांबडं लोह काळं पडतं, पांढरं टायटॅनियम निळसर-राखाडी होतं. क्षणात होतं हे, आणि रंग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तुमच्या भुवयांत दोन्ही आहेत. पहिल्या शाईत काळं, पिवळं, तांबडं असं लोहाचं मिश्रण असणार. त्यातला गडद भाग आधी विरला आणि तांबडं-पिवळं मागे राहिलं, म्हणून नारिंगी. वरून भरलेली ती त्वचेच्या रंगाची शाई म्हणजे टायटॅनियम. लपवण्यासाठी असं भरणं हा परमनंट मेकअपमधला सर्वांत वाईट उपाय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जिने केलं तिने चांगल्याच भावनेने केलं असेल. पण त्वचेचा रंग उन्हात बदलतो, शाईचा बदलत नाही, आणि पुढे काढायला येणाऱ्याची वाट त्या शाईने अडवून ठेवलेली असते.

मग काय करायचं? नवीन काहीही भरायला नकार द्या. दुरुस्ती म्हणूनसुद्धा नाही. जिने केलं तिच्याकडून दोन्ही शायांची नावं मिळतात का पाहा. बाटलीचा फोटो असला तरी चालेल, त्यावर रंगद्रव्यांचे क्रमांक लिहिलेले असतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा क्रमांक ७७८९१, लोहाच्या ऑक्साइडांचे ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९. हे चार आकडे लिहून ठेवा.

मग त्वचारोगतज्ज्ञाकडून भुवईच्या शेपटाकडच्या टोकाला, केसांत झाकली जाईल अशा जागी, दोन-तीन झटक्यांची चाचणी करून घ्या. एक नारिंगी भागावर, एक पांढुरक्या पट्ट्यावर. आणि चार ते सहा आठवडे थांबा. नारिंगी भाग काळा पडला तरी घाबरून जाऊ नका, काळा पडलेला रंग पुढच्या सिटिंगमध्ये १०६४च्या लेझरला दाद देतो. मात्र ‘आधी काही महिने भुवया काळ्या दिसतील’ हे मान्य करूनच पुढे जायचं. पांढुरका पट्टा निळा-राखाडी झाला आणि चाचणीनंतर तसाच हटून बसला, तर लेझरचा नाद सोडलेला बरा.

दुसरा मार्ग खारट द्रावणाचा. मिठाचं दाट द्रावण सुईने त्याच उथळ थरात सोडतात. ते पाणी आणि त्याबरोबर रंग वर खेचतं, खपली धरते आणि खपलीबरोबर थोडा रंग पडून जातो. रंग कोणता याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही, काळं पडायची भीती नाही. म्हणून त्वचेच्या रंगाच्या शाईवर मी आधी हीच सुचवते. पण शाई उथळ हवी, करणारा हात हलका हवा, आणि तुमच्या अंगावर पूर्वी कधी जखमेचा फुगीर व्रण उठलेला नसावा. दोन वेळांमध्ये किमान आठ आठवडे. चार-पाच वेळांनंतर रंग पुसट होतो. पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही, पण केस खाली ओढून घ्यायची गरज राहणार नाही इतपत नक्की.

लेझर केलात तर आणखी दोन गोष्टी. भुवईवर काम करताना बंद डोळ्यांवर धातूची झाकणं हवीतच. पापणीच्या कडेला आयलायनरवर काम असेल तर डोळ्याच्या आत, बुबुळावर बसणारी धातूची ढाल हवी, ती घालता न येणाऱ्या माणसाने तिथे हात लावू नये. आणि भुवईचे केस झटक्याने पांढरे पडू शकतात. बहुतेकदा ते पुन्हा काळे उगवतात, पण मधल्या काळासाठी तयारी असू द्या.

परवाच भुवया केल्या. इतक्या काळ्या आणि जाड झाल्यात की मला रडू येतंय. लगेच काढता येतील का?

थांबा. पहिले १०-१५ दिवस भुवया गडदच दिसतात, कारण शाई वरच्या थरातही असते आणि सूजही असते. खपली पडली की पुष्कळ फिकट होतात. जखम ताजी असताना लेझर, खारट द्रावण, आम्ल, काहीही लावलं तर व्रण राहील. सहा आठवड्यांनी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. तेव्हाही नको वाटल्या तर मला पुन्हा लिहा.

माझ्या १९ वर्षांच्या मुलीने मनगटावरचा लहान टॅटू घालवायला ऑनलाइन मागवलेलं ‘टॅटू काढायचं’ द्रव लावलं. मला सहा दिवसांनी कळलं. जागा पांढरी पडून सभोवती लाल झालीय, पू येतोय. ती डॉक्टरकडे यायला तयार नाही, मी ओरडेन म्हणून घाबरते.

आई, पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. इथे लिहिते आहे ते दुसऱ्या कुणाच्या घरी हेच घडत असेल त्यांच्यासाठी.

पू, वाढत जाणारी लाली, ताप, मनगटाकडून कोपराकडे सरकणारी लाल रेघ, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते आठवून सांगा. रागावण्याचं नंतर बघता येईल, जखमेला तेवढा वेळ नाही. तोवर स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, साधी पेट्रोलियम जेली लावा आणि न चिकटणारी पट्टी बांधा. हळद, टूथपेस्ट, स्पिरिट काही नाही. आणि असं द्रव नुकतंच लावलेलं असेल तर आधी वाहत्या नळाखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून.

ही द्रवं काय करतात? त्यांत बहुधा तीव्र आम्ल असतं. त्वचेचा वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदाएवढाच, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. शाई त्याच्या बरीच खाली. म्हणजे जे मलम किंवा द्रव शाईपर्यंत पोहोचेल ते वरचं सगळं जाळूनच पोहोचेल, आणि जे जाळत नाही ते पोहोचतच नाही. फिकट करणाऱ्या क्रीमनेही शाई हलत नाही, तिच्या वरची त्वचा गोरी पडते एवढंच. ही चूक फार जुनी आहे. ६व्या शतकातले वैद्य एशियस यांनी टॅटू काढण्याचे लेप आणि मिठाने घासणं लिहून ठेवलं होतं. तेव्हा दुसरं साधनच नव्हतं. तुमच्या मुलीकडे होतं, पण तिला ते सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

जखम पूर्ण भरली की सिलिकॉनची पट्टी रोज, निदान तीन महिने. व्रण फुगायला लागला, खाजायला लागला तर लवकर दाखवा, सुरुवातीला दिलेली इंजेक्शनं उपयोगी पडतात. उरलेल्या शाईला वर्षभर हात लावायचा नाही. एक विचारते, रागावू नका: तो टॅटू तिला इतक्या घाईने का घालवायचा होता? ते तिने तुम्हाला सांगितलं का?

पायावरच्या फुलाचा फक्त लाल भाग वर उचलला गेलाय, सतत खाजतो. काळ्या देठाला काही नाही. लेझरने काढून टाकू?

लेझर अजिबात नको. ही लाल शाईची ॲलर्जी वाटते, आणि सगळ्या रंगांत लाल याबाबतीत सर्वांत खोडकर. शाईचे कण फोडले की ॲलर्जीचं मूळ अंगभर पसरतं. काहींच्या सगळ्या अंगावर पुरळ उठतं, क्वचित श्वास अडकण्यापर्यंत वेळ येते. आधी लहानसा तुकडा काढून तपासणी, मग तीव्र स्टिरॉइड मलम किंवा तिथेच इंजेक्शन. तरीही ऐकलं नाही तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढतात. फूल लहान असेल तर एक सरळ बारीक टाक्यांची रेघ राहील, ती चालण्यासारखी असते.

भुवया आणि आयलायनर परमनंट आहे. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. करू नको असं मैत्रीण म्हणते.

एमआरआय करा. शाईतल्या लोहामुळे क्वचित ऊब किंवा चुरचुर जाणवते, भाजल्याच्या घटना फारच विरळ. तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा, चुरचुरलं तर हातातलं बटण दाबा. मेकअपपायी गरजेची तपासणी सोडू नका.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. १७ ते २० या वयात मी स्वतःच्या डाव्या हाताला इजा करून घेत असे. आता ३३ची आहे, तेव्हापासून पुन्हा तसं झालेलं नाही. ते व्रण झाकायला २३व्या वर्षी हातभर पक्षी गोंदवून घेतले. घाईत, स्वस्तात, ओबडधोबड. आता ते पक्षीही नकोत. पण काढले तर खालचं सगळं दिसेल ना?

हो, दिसेल. तुम्ही इतकं नीट विचारलंत, म्हणून उत्तरही सरळ देते. लेझर फक्त शाई काढतो. शाईखालचे व्रण जसे होते तसे वर येतात, उजेड तिरका पडला की पांढऱ्या रेघा दिसतात. शिवाय व्रणाच्या कडक भागात अडकलेली शाई सहज सुटत नाही. म्हणजे पक्ष्यांचे पंख जातील आणि रेघांवर काळसर ठिपके मागे राहतील, असा एक काळ मधे येईलच. आधी सांगून ठेवते, म्हणजे आरशासमोर तुम्ही एकट्या असताना त्याचा धक्का बसणार नाही.

तुम्हाला सगळं काढायचंय की हे पक्षी नकोत, यात मी फरक करेन. पक्षी नकोत इतकंच असेल तर पूर्ण काढायची गरज नाही. तीन-चार सिटिंगमध्ये काळा रंग राखाडी होतो. मग निदान तीन महिने त्वचेला विसावा देऊन, चांगल्या हाताच्या कलाकाराकडून त्यावर नवं चित्र काढून घेता येतं. फिकट केलेल्या टॅटूवर नवीन चित्राला एवढं गडद, एवढं मोठं व्हावं लागत नाही. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला हाच मार्ग तुमचा वाटला. पण सगळं काढून रिकाम्या हाताने राहायचं असेल तर तेही करता येतं, आणि नंतर व्रणांची उंचसखलता थोडी बसवणारे लेझर वेगळे असतात. रेघा नाहीशा होत नाहीत, मऊ होतात.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना व्रणांबद्दल सांगा. नुसतं ‘खाली जुने व्रण आहेत’ म्हटलं तरी पुरे, कसे झाले ते सांगायला तुम्ही बांधील नाही. तरी तुम्ही समुपदेशकाकडे जात असाल, किंवा पूर्वी गेला असाल, तर त्यांना लेझर सुरू करायच्या आधी कळवा. कारण प्रत्येक सिटिंगनंतर त्याच हातावर चटका, फोड, खपली, पट्टी असं सगळं पुन्हा येणार. मनाला ते जुनं वाटू शकतं. एका बाईंनी दुसऱ्या सिटिंगनंतर मला हे सांगितलं, तोवर मला सुचलंही नव्हतं. आम्ही चार महिने थांबलो, मग पुन्हा सुरू केलं.

पहिली चाचणी मनगटाकडे नको, कोपराच्या आतल्या बाजूला एका लहान पंखावर करून घ्या. तिथे रोज नजर जात नाही आणि बाही सहज झाकते. जुने, टॅटूच्या आधीचे फोटो असतील आणि बघवत असतील तरच सोबत न्या. आणि खपली पडेपर्यंतच्या त्या दहा-पंधरा दिवसांत पट्टी बदलायला कुणीतरी जवळचं माणूस घरात असू द्या.